एमएच ११, मुक्काम पोस्ट बेट

साडू हे नातं मोठं गमतीचं. ते रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही आणि शेजाराचंही नाही. एकाच शाळेत वेगवेगळ्या वर्षी नापास झालेली दोन मुलं एकमेकांकडे बघून नुसती हसतात ना, तसं ते आहे. माझा साडू साताऱ्याचा, मी सांगलीचा. मध्ये सुमारे सव्वाशे किलोमीटरचं अंतर आहे, म्हणून आजवर दोघांचे संसार टिकले.

सातारा ही गादी. तिथला माणूस कुठलीही गोष्ट आधी जाहीर करतो आणि मग तिच्यावर विचार करतो. सांगली ही पेठ. हळद, गूळ, बेदाणा, सगळं तोलून घ्यायची सवय. त्यामुळे सांगलीचा माणूस आधी हिशेब करतो, आणि हिशेब बघितल्यावर विचार करायची गरजच उरत नाही. गाड्यांच्या नंबरावरूनही आमचा वाद आहे. सातारा एमएच ११, सांगली एमएच १०. साडूचं म्हणणं, ११ हा आकडा १० पेक्षा मोठा. माझं म्हणणं, रांगेत आधी कोण उभं होतं?

तर असा हा साडू. एका रात्री अकराला त्याचा फोन आला.

"दाजी, बस घेतली."

"स्वारगेटची का? मग पोचशील दोनपर्यंत."

"पकडली न्हाय ओ. विकत घेतली."

मी पलंगावर उठून बसलो. शेजारी सौभाग्यवतींनी डोळे न उघडताच विचारलं, "काय घेतलं त्यांनी आता?" या 'आता'मागे शेळीपालन, ड्रॅगन फ्रूट आणि दोन वर्षं चालू न झालेली तेलाची घाणी उभी होती.

एका शाळेनं निवृत्त केलेली बस होती ती. चाळीस सीटची, पिवळी. कुणीतरी अमेरिकन जोडपं तशी बस घेऊन आत पलंग, स्वयंपाकघर, पुस्तकांची फळी करून राहतं, असं साडूनं मोबाइलवर बघितलं होतं. तिकडे हा छंद इतका वाढलाय की अशा बसघरांना वेगळं लाडाचं नावही आहे. तो पिवळा रंगसुद्धा तिकडचाच. १९३९ साली कोलंबिया विद्यापीठातल्या फ्रँक सायर यांनी परिषद भरवून तो ठरवला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं चटकन दिसतात. पण आमच्या साडूचं डोकं तेवढ्यावर थांबणारं नव्हतं. त्या जोडप्यानं बस पुढे जहाजात घालून एका बेटावर नेली होती. साडूला बेटही पाहिजे होतं.

"दाजी, घरात घर आणि पाण्यात बेट. सकाळी दार उघडलं की पाणी. कुणी पावणा यायचा न्हाय, कुणी वर्गणी मागायचा न्हाय."

मी सौभाग्यवतींना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "उंबरा कुठाय?"

"कसला उंबरा? बस आहे ती."

"मग घर म्हणू नका," असं म्हणून त्या कुशीवर वळल्या. तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. पुढचं दीड वर्ष जे काही झालं, ते त्या प्रश्नाच्या उत्तराकडे जाण्याचा लांबचा रस्ता होता.

योजनेच्या बैठका कऱ्हाडला ठरल्या. कऱ्हाड दोघांनाही मधलं. तिथं प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र होऊन काटकोनात वळतात. दोघी निघतात महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातून, पण भेटतात अशा जणू माहेरच्या वाटणीवरून आल्यात. आमच्याही बैठकी तशाच व्हायच्या. साडू जोरात यायचा, मी जोरात यायचो, आणि मग दोघं मिळून तिसऱ्याच दिशेला वाहत जायचो. सोबत त्याचे कंदी पेढे आणि माझं भडंग. योजनेत एवढा एकच भाग शेवटपर्यंत बिनचूक राहिला.

पहिल्या बैठकीत माप आलं. सीटा काढल्यावर आतून लांबी चोवीस फूट, रुंदी साडेसात फूट, उंची सव्वासहा. म्हणजे १८० चौरस फूट. साडू म्हणाला, "यात वन बीएचके बसतंय." मी म्हणालो, "बसतंय, पण माणसानं उभंच राहायचं." त्यावर आमचे सासरे पहिल्यांदा बोलले.

सासऱ्यांना आम्ही दोघंही मामा म्हणतो. मूळचे जावळी तालुक्यातले, आयुष्य मुंबईत मशीद बंदरला माथाडी म्हणून गेलं. हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याला हिशेब, हजेरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळवून देणारा कायदा १९६९ साली आला आणि त्यामागचे अण्णासाहेब पाटील शेजारच्या पाटण तालुक्यातले, हे मामा आजही घरातलं लग्न सांगावं तसं सांगतात. आता ते साताऱ्याला धाकट्या लेकीकडे असतात आणि बैठकीला येतात ते केवळ पेढ्यांसाठी.

"एकशे ऐंशी फूट?" मामा म्हणाले. "पावणं, बीडीडी चाळीची खोली एकशे साठ फुटांची. आन् आमच्या गावच्या गाळ्यात आम्ही वीस जण व्हतो."

गिरणगावात सातारा-सांगलीकडच्या गावांचे असे गाळे असायचे. गावातनं मुंबईला गेलेला माणूस नात्यात नंतर, गाळ्यात आधी उतरायचा. भिंतीला ज्याची त्याची खुंटी, खुंटीखाली ज्याची त्याची ट्रंक. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा, वळकटी थंड व्हायच्या आत. आज जगभर लोक 'छोट्या जागेत मोठं जगणं' या विषयावर पुस्तकं लिहितात आणि त्यात भिंतीला लटकवायचे हूक कसे वापरावेत हे सांगतात. मामांनी ते पुस्तक न वाचताच तीस वर्षं जगून दाखवलं. साडूनं त्यांना आदरानं विचारलं, "मग मामा, तुमचा अनुभव काय सांगतोय? काय पाहिजे आत?"

"सुटी," मामा म्हणाले. "रविवारी बाहेर पडाया मिळालं पायजे. न्हायतर मानसं एकमेकांला चावत्यात."

दुसरी बैठक देवानं खाल्ली. बसमध्ये देव्हारा कुठे? धाकट्या मेव्हणीनं फोन स्पीकरवर टाकून सांगितलं, देवाचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला पाहिजे. साडू म्हणाला, ठीक, डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीशी. मी विचारलं, बस वळली की? साताऱ्याहून निघताना देव पूर्वेला असले तर घाटात पहिल्याच वळणाला उत्तरेला, दुसऱ्याला दक्षिणेला, आणि खंबाटकी उतरेपर्यंत त्यांची स्वतःभोवतीच प्रदक्षिणा पुरी. फिरत्या चाकावर देव्हारा बसवायची सूचना साडूनं केली. मग तुळस आली. ती बॉनेटवर ठेवली तर ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही, मागे ठेवली तर धूर खाते, आणि टपावर ठेवली तर रोज पाणी घालायला मेव्हणीनं शिडी चढायची. मोरीची जागा मात्र एकमतानं ठरली. मागचं आणीबाणीचं दार. त्यावरची 'आपत्कालीन मार्ग' ही अक्षरं तशीच ठेवावीत, असाही ठराव झाला.

तुम्ही म्हणाल, काय हा पोरकटपणा. पण चाकावरचा संसार आमच्याकडे काही नवा नाही. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली राजवाड्यात 'सीता स्वयंवर' केलं आणि दहा वर्षांत त्यांची मंडळी राम, रावण आणि राक्षसांचे दागिने पेटाऱ्यात घालून थेट मुंबईला पोचली. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबू टॉकीज यायचे. ज्या ट्रकात प्रोजेक्टर, त्याच ट्रकाखाली ऑपरेटरचं अंथरूण. तमाशाच्या गाड्यांत तर अख्खं गाव फिरतं. आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, कोंबड्या, पोरं आणि म्हातारी घेऊन ऊसतोड मजूर आमच्या कारखान्यांवर येतात. पाचटाची कोपी घालतात, चार-पाच महिने राहतात, सगळं पुन्हा ट्रॉलीत घालून परत नेतात. त्यांच्या घराचा व्हिडिओ कुणी काढत नाही. हौसेनं हलणारं आणि पोटासाठी हलणारं, यात फरक एवढाच की पहिल्याला पडदे असतात.

बसचं काम कुपवाडच्या एका मिस्त्रीकडे दिलं. बस साताऱ्यात आणि मिस्त्री सांगलीचा, हा माझा विजय होता. साडू म्हणाला, साताऱ्यात काय मिस्त्री नाहीत? ज्या गावात कूपरांच्या कारखान्यानं डिझेल इंजिनं घडवली, ज्या गावात एकेकाळी प्रिया स्कूटर तयार व्हायची, तिथं एक बस होणार नाही? मी किर्लोस्करवाडी काढली. १९१० साली निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखाना उभा केला, लोखंडी नांगर केले. या वादात मिस्त्री शांतपणे पत्रा ठोकत होता. मग त्यानं आपलं ब्रह्मास्त्र काढलं.

"आमच्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचं ऐकलंय का न्हाई? भंगारातनं गाडी केली. चारचाकी. किक मारून सुरू व्हती. खुद्द आनंद महिंद्रांनी बघितली आन् बदल्यात नवी बोलेरो दिली."

ते खरं आहे. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, देवराष्ट्र्यात, फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या या माणसानं मुलाचा हट्ट पुरवायला जुन्या सुट्या भागांतून छोटी जीप जुळवली. २०२१ च्या डिसेंबरात ती महिंद्रांच्या नजरेला पडली आणि २०२२ च्या जानेवारीत लोहारांच्या दारात बोलेरो आली. तेव्हापासून आमच्या दोन जिल्ह्यांत एकही मिस्त्री असा नाही की ज्याच्या मनात कुठल्यातरी उद्योगपतीचा फोन वाजत नाही. आमचाही मिस्त्री दर पंधरा मिनिटांनी मोबाइल बघायचा. बायकोचा असायचा.

सीटा काढताना मात्र एक दिवस काम पुढे सरकलंच नाही. पाठीच्या रेक्झिनवर पोरांनी कंपासपेटीच्या टोकानं एक वाङ्मयच कोरून ठेवलं होतं. कुणाचं कुणावर प्रेम होतं. कुणाला बावीसचा पाढा येत नव्हता आणि तो सोळापर्यंत जाऊन सोडून दिला होता. एका सीटवर नुसतं 'उद्या' असं लिहिलं होतं, त्याखाली काही नाही. सीटांखालून सव्वीस पेन्सिली, डब्याची सात झाकणं आणि एक डावा बूट निघाला. मिस्त्री झाकणं घरी घेऊन गेला. एक सीट काढायची नाही असं मामांनी सांगितलं. पुढची, खिडकीजवळची. "माजी," म्हणाले.

मग कायदा आडवा आला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात गाडीबद्दल जे लिहिलंय, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला आपल्या मनानं करता येत नाही. शाळेची बस म्हणून नोंदलेली गाडी उद्या घर झाली तर कागदोपत्री ती काय? मोटार कॅरॅव्हॅन असा वेगळा प्रकार कायद्याला ठाऊक आहे, आणि आपल्या सरकारनं तर २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही काढलंय. पण धोरणातली कॅरॅव्हॅन आणि कुपवाडात पत्रा ठोकून घेतलेली बस यांच्यात जे अंतर आहे, ते तुडवायला एजंट लागतो. आम्हाला भेटलेल्या एजंटानं बस डोळ्याखालून घातली, देव्हारा बघितला, मोरी बघितली, आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "साहेब, परवाना कसला काढायचा? चालवायचा का झोपायचा?"

"दोन्ही," साडू म्हणाला.

"एकाच वेळी?"

हे चालू असताना बेटाचा शोध सुरू होता. साडूची पहिली पसंती अंदमान. आधी साताऱ्याहून चेन्नई हजाराच्या वर किलोमीटर रस्त्यानं, मग चेन्नईच्या बंदरातून जहाजानं समुद्रावर आणखी सुमारे बाराशे किलोमीटर. मी खर्चाचा कागद काढायच्या आतच मेव्हणीचा आवाज फोनमधून आला, "काळ्या पाण्यावर जायला काय गुन्हा केलाय ओ आम्ही?" अंदमान तिथंच बुडालं. मराठी माणसाच्या घरात अंदमानला सहलीला जाता येतं, पण 'राहायला जातो' म्हटलं की शेजारी वकील सुचवतात.

दुसरा विचार कोकणाचा. दाभोळ ते धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे. गाडी सरळ बोटीत चढते, खाडी ओलांडून सरळ उतरते, आपण काचेतनं बाहेर बघत बसायचं. बस न्यायला उत्तम सोय. पण पलीकडे बेट नाही, गुहागर आहे.

मग मी हुकमी पान टाकलं. बेट पाहिजे ना? आमच्या जिल्ह्यात आहे. वाळवा तालुक्यात बाह्याला कृष्णेच्या मधोमध रामलिंग बेट. लंकेहून परतताना रामानं तिथं शिवलिंगाची पूजा मांडली, एवढ्यात नदीला लोंढा आला, आणि मारुतीनं दोन्ही बाहू पसरून प्रवाह दोन्हीकडे फाकवला. म्हणून गावाचं नाव बाहे, अशी कथा. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक तिथला. साडू एकदम खूश. "म्हणजे खुद्द मारुतीनं पूर अडवलेली जागा! याच्यापेक्षा सुरक्षित काय?"

इथं सांगलीच्या माणसाला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, पाहुणे, मारुतीनं अडवला तो त्रेतायुगातला पूर. त्यानंतर २००५ झालंय आणि २०१९ झालंय. आमच्याकडे ऑगस्टात कुणी 'कसं काय' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' असं विचारतात. १९२९ साली उभा राहिलेला आयर्विन पूल हा आमचा थर्मामीटर. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ ला पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा हरिपूरच्या जमिनीतली हळदीची पेवं गेली. पिढ्यान्‌पिढ्या कोठार म्हणून वापरलेली पेवं, कृष्णामाईनं उघडून बघितली आणि कालवण करून टाकलं. २०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तेव्हा माझं स्वतःचं घर आठ दिवस बेट होतं. मी पहिल्या मजल्यावर, गॅसची टाकी माळ्यावर, आणि स्कूटर जिन्याच्या सहाव्या पायरीवर. त्यामुळे सकाळी दार उघडल्यावर पाणी दिसण्याची हौस मला नाही. माझी फिटली आहे.

आणि तसंही ते देवाचं ठिकाण. मारुतीच्या शेजारी बस लावून साडू टपावर बनियन वाळत घालणार, हे कुठल्याच युगात बसणारं नव्हतं.

शेवटी उरला शिवसागर. कोयना धरणाचा फुगवटा. साताऱ्याच्या हद्दीतलं पाणी म्हणून साडूची छाती दोन इंच फुगली. बामणोली, तापोळा, समोर वासोटा. आणि गंमत म्हणजे त्या पाण्यात मामांची वडिलार्जित जमीन. सगळी बुडाली, एक टेकाड तेवढं उरलं. धरण भरलं की त्याचं बेट होतं.

बेट मिळालं. आता बस न्यायची कशी? तापोळ्याला पाणी ओलांडायला तराफा असतो. त्याच्यावर जीपगाड्या चढवून पलीकडच्या गावांना नेतात, आणि ते बघणं हा एक कार्यक्रम असतो. गाडी चढते, तराफा एका बाजूला मान टाकतो, जीपमधली बाई पदर तोंडात धरते, आणि तराफेवाला मात्र विडी पेटवत असतो. आता तिथं मोठा पूल होतोय, पण साडूला तराफाच पाहिजे होता, कारण व्हिडिओत जहाज होतं. आम्ही तिघं बघायला गेलो. साडूनं तराफ्याची लांबी पावलांनी मोजली. मी गुणाकार केला. मामा नुसते काठावर उभे होते. तराफेवाल्यानं विचारलं, "गाडी केवढी?"

साडूनं फोटो दाखवला. तराफेवाल्यानं फोटो बघितला, साडूकडे बघितलं, आणि पुन्हा फोटो बघितला. "पोरं आत असत्यात का?"

"न्हाय, न्हाय. रिकामी."

"मग कशाला न्हेताय?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. वजनाचा मुद्दा मामांनी निकालात काढला. ज्यानं तीस वर्षं पाठीवर जगाचा माल पेलला, त्याला काटा लागत नाही. "रिकामी बस सहा टन," ते म्हणाले. "तुमचं सामान दीड टन. तराफा बुडायचा न्हाय, पण त्यो तुमाला घ्यायचा बी न्हाय."

परत येताना काठावरच्या टपरीत चहा घेतला, आणि तिथं मामांनी आमच्या दीड वर्षाच्या योजनेवर एका वाक्यात बोळा फिरवला.

"तराफा कशाला पायजे? मे म्हैन्यात पाणी उतरतंय. जुनी वाट उगडी पडती. बस चालवत न्या. ऑगस्टात बेट आपोआप व्हतंय."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. चेन्नईचं जहाज, दाभोळची फेरी, तापोळ्याचा तराफा, माझे गुणाकार, साडूची पावलं, सगळं चहात बुडालं. बेटावर घर न्यायचं नव्हतंच. घर नेऊन ठेवायचं आणि बेटाची वाट बघायची.

"मामा, हे आधी का न्हाय सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाय. आन् पेढं मिळत व्हतं."

मग ते पाण्याकडे बघत बोलू लागले. ते दहा-अकरा वर्षांचे असताना पाणी चढायला लागलं. सरकारी माणसानं आखलेल्या खुणेच्या वर त्यांच्या वडिलांनी घर नेलं. आढं, तुळया, वासे, दाराची चौकट, सगळं सुटं करून खांद्यावर. पुढच्या वर्षी पाणी तिथंही आलं. पुन्हा उचललं, पुन्हा वर नेलं. घर जरा स्थिर होतंय तोवर ११ डिसेंबर १९६७ ची पहाट झाली आणि कोयनेच्या भूकंपात उभी भिंत बसली. तिसऱ्यांदा बांधलं. १०५ टीएमसी पाणी, त्याच्यावर होणारी वीज, हे सगळं आम्ही शाळेत पाठ केलेलं. त्या पाण्याखाली कुणाचं खळं होतं हे पाठ करायला नव्हतं. मुंबईतल्या गाळ्यात वीस माणसांच्या डोक्यावर जो एक दिवा जळायचा, तो याच पाण्यातला, असं मामा म्हणायचे. "आमच्या घराला चाकं नव्हती, पावणं. खांदं व्हतं." एवढं बोलून त्यांनी बशीतला उरलेला चहा ओढला आणि साडूला म्हणाले, "उठा. वाघाचा टाईम झाला."

तोही एक मुद्दा होता. १९८५ पासून तो सगळा भाग कोयना अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. मे महिन्यात आम्ही टेकाड बघायला पायी गेलो. भेगाळलेला गाळ, त्यातून डोकं काढणाऱ्या जुन्या बांधांच्या ओळी, कुठल्यातरी देवळाचं जोतं, आणि ताज्या शेणाच्या पोवट्या.

"गायीचं?" साडूनं विचारलं.

"गव्याचं," मामा म्हणाले.

साडूनं चपळाईनं आपला मोबाइल बाहेर काढला आणि चौफेर व्हिडिओ घेतला. त्या व्हिडिओत पार्श्वभूमीला माझा आवाज आहे, "चला, चला, चला." गाळात सहा टनांची बस रुतणार, ती काढायला जेसीबी आणायचा, जेसीबी रुतणार, त्याला काढायला दुसरा. तोवर ऑगस्ट येणार आणि सगळ्यांचंच बेट होणार. त्याशिवाय परवानगीचे कागद. एजंटाला फोन केला. तो म्हणाला, "झोपायचा परवाना बघतो साहेब, पण वाघाच्या शेजारी झोपायचा माझ्याकडं न्हाय."

शेवटी बस साताऱ्याच्या कडेला, साडूच्या मोकळ्या प्लॉटवर आली. समोर अजिंक्यतारा. देवांचं तोंड पूर्वेला, एकदाचं कायमचं. तुळस टपावर न जाता दाराशी जमिनीवर आली आणि लगेच फुटली. सौभाग्यवती बघायला आल्या. बस दोन्ही बाजूंनी निरखली, आत डोकावल्या, पडदे हातात धरून बघितले, आणि बाहेरूनच म्हणाल्या, "सगळं आहे. उंबरा कुठाय?"

कुणीच बोललं नाही. मामा हळूच घरी गेले. साडूच्या जिन्याखालच्या अडगळीतून त्यांनी पोत्यात गुंडाळलेलं एक लाकूड ओढून आणलं. सागवानी, मधे झिजून खोलगट झालेलं, एका टोकाला हळदीकुंकवाचा काळा थर. तीनदा बांधलेल्या घराचा उंबरा. बाकी घर भावकीत वाटून गेलं, एवढं त्यांनी मागून घेतलं होतं.

मिस्त्रीला सांगलीहून बोलावलं. त्यानं दाराचं माप घेतलं, लाकडाचं माप घेतलं आणि डोकं खाजवलं. "मामा, ह्यो बसवला तर घडीचं दार मिटायचं न्हाई."

"न मिटू दे."

"दार मिटलं न्हाई तर गाडीचं पासिंग व्हनार न्हाई."

"व्हऊ नये म्हणूनच बसवायचा," मामा म्हणाले.

दोन तास लागले. मेव्हणीनं उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, तांब्याभर पाणी ओतलं. मामा उजवा पाय टाकून आत गेले आणि पुढच्या खिडकीजवळच्या आपल्या सीटवर बसले. त्यांच्यामागून सौभाग्यवती गेल्या, दीड वर्षात पहिल्यांदा. मग साडू घाईनं शिरला आणि उंबऱ्याला ठेचकाळून देव्हाऱ्यापुढं आपटला. फिरत्या चाकावरचे देव वळून खिडकीबाहेर बघायला लागले. पंधरा वर्षं पोरं नेणारी ती बस त्या दिवशी बस राहिली नाही. तिच्या आरसी बुकाचं काय करायचं, हे एजंटाला अजून सुचलेलं नाही.

जुलै उजाडला. साताऱ्यावर पाऊस असा कोसळत होता की अजिंक्यतारा आठ दिवस दिसला नाही. एका रात्री अकरा वाजता फोन वाजला.

"दाजी, बेट झालं!"

"काय?"

"प्लॉटवर पाणी साचलंय. बसच्या चारी बाजूनं. मी, ही आन् मामा आत. सगळीकडनं पाणी! पावणा न्हाय, वर्गणीवाला न्हाय!"

मी सांगलीचा. असल्या वेळी माझ्या तोंडून एकच प्रश्न येतो.

"पाणी किती?"

तिकडे मामांचा आवाज आला, मग पट्टी शोधल्याची खुडबुड, मग साडू. "दाराच्या पायऱ्यांशी सहा इंच."

"आणि उंबरा?"

"पायऱ्यांच्या वर आठ."

"मग झोपा," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.